हरलो म्हणायचं कुणी?

आमच्या तालुक्यात जमिनीचा दावा कुणी हरत नाही. फार तर ‘निकाल विरोधात जातो’, आणि तोही समोरच्याचा वकील लबाड होता म्हणून.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिचं कलम ११ तेव्हापासून सांगतंय, की त्याच माणसांमधला तोच वाद अधिकार असलेल्या कोर्टानं एकदा कायमचा निकाली काढला, की तो पुन्हा उकरायचा नाही. वारसांनीसुद्धा नाही. पहिल्या वेळी जो मुद्दा मांडता आला असता आणि मांडायला हवा होता, तोही मांडलाच होता असं धरायचं. आमच्या गावच्या अण्णांना हे कलम तोंडपाठ आहे. बांधाचा दावा त्यांचे वडील हरले, अपिलातही हरले. पण दर पेरणीला अण्णा वीतभर बांध कोरतात, चुलतभाऊ भांडायला येतो आणि दाव्याला ताजं कारण घडतं!

दिवाणी कोर्ट कंटाळलं तर महसूल खातं आहेच. तलाठी (हल्ली ग्राम महसूल अधिकारी, पाटी बदलली, दप्तर तेच), मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत. फेरफाराच्या नोंदीनं मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं सांगत आलंय. निकाल अंतिम असतो म्हणणाऱ्यांनाही हे एकदा सांगून भागलं नाही.

जुन्या काळचे लोक सावध. गोतसभेपुढे वाद उभा राहण्याआधीच ‘निवाडा मान्य करू’ असा राजीनामा दोघांकडून लिहून घेत, वर जामीन. निवाडा झाला की जिंकलेल्याला निवाडपत्र, आणि हरलेल्यानं ‘आपण खोटे झालो’ असं येजितखत लिहून द्यायचं. तरीही वतनाची भांडणं पिढ्यानपिढ्या चाललीच. राज्य बदललं, की हरलेला नव्या दरबारात हजर: येजितखत जबरदस्तीनं लिहून घेतलं हो सरकार!

अण्णांनी नातवाला पुण्यात वकिलीला घातलंय, घरचा वकील असावा म्हणून. फीसाठी बांधालगतचं अर्धा एकर रान विकावं लागलं. घेणारा दुसरा कोण, चुलतभाऊच. म्हणजे वादातला बांध आता त्याच्याच रानाच्या मधोमध आला.

“मग मिटलं म्हणायचं,” मी म्हणालो.

अण्णांनी पिशवीतून नव्या दाव्याचा मसुदा काढला. खरेदीखतावर सही दबावाखाली घेतली, असं त्यात लिहिलेलं.

“वाचून बघ,” ते म्हणाले. “हा मुद्दा अजून एकाही कोर्टापुढं गेलेला नाही.”