पिवळं रबर

पावसाळ्यात मुंबईच्या मैदानांवर कांगा लीग येते आणि तिच्यामागोमाग दुखरे खांदे येतात. चेंडू भिजून जड झालेला, आउटफिल्डमध्ये गवत माजलेलं आणि वर्षभर ऑफिसात माउस फिरवलेला हात थेट सीमारेषेवरून थ्रो करतो. मग हात काही वर जात नाही, आणि मॅच तर रविवारवर आलेली. स्प्रे झाला, मालीश झालं, नस बसवणारे एक काका झाले. शेवटी एमआरआयची पिशवी नाचवत, "डॉक्टर, एक इंजेक्शन मारून टाका ना!"

फिजिओ हातात देतो पिवळं रबर. एक टोक खिडकीच्या गजाला, कोपर कुशीला चिकटलेलं, मधे गुंडाळलेला नॅपकिन. हात बाहेर न्यायचा आणि परत येताना तीन मोजत सावकाश यायचं, रबराला खेचू द्यायचं नाही. नॅपकिन पडला की कोपर सुटलं, पुन्हा पहिल्यापासून. पंधराचे तीन सेट. जमलं की लाल रबर, मग हिरवं. थोडं दुखलं तर चालतं, रात्रभर ठणकलं तर ओझं जास्त झालं. असं तब्बल बारा आठवडे! आरामाने दुखणं थांबतं हो, पण टेंडनला ताकद येते ती ओझं उचलूनच.

"त्यापेक्षा ऑपरेशन करून टाकू?"

टेंडन पार फाटला असेल तर गोष्ट वेगळी. पण खांद्यातलं हाड खरवडून जागा करायच्या ऑपरेशनची ब्रिटनमध्ये 313 रुग्णांवर चाचणी झाली, 2017 साली 'लॅन्सेट'ने छापली. काहींचं हाड खरवडलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण फिरवून आणली. दोघांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नाही. ते खेळाडू नव्हते म्हणा, पण खांदा तोच.

आणि ऑपरेशननंतरही रबर चुकत नाहीच. सचिनच्या खांद्यावर मार्च 2006 मध्ये शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला त्याने केलेल्या नाबाद 141 धावा सगळ्यांना पाठ. मधले सहा महिने कोणी विचारत नाही. त्यांचे हायलाइट्स नसतात ना!

आपल्या वीराचं दुखणं तिसऱ्या आठवड्यात थांबतं. त्याच दिवशी रबर किटबॅगेच्या तळाशी जातं. कॅप्टन विचारतो, खांदा कसाय? "एकदम फिट!" म्हणत गडी सीमारेषेवर उभा राहतो आणि चेंडू आला की अंडरआर्म फेकतो.