औषधी वापरासाठी नाही

धडधाकट माणसासारखं गिऱ्हाईक नाही. आजारी माणूस बरा झाला की गोळ्या बंद करतो आणि बरा नाही झाला तर डॉक्टर बदलतो. दोन्हीकडे दुकानदाराची खोटच. धडधाकटाला मात्र बरंच व्हायचं नसतं, त्यामुळे त्याचा उपचार कधी संपत नाही. प्रोबायोटिकची नाहीतर जीवनसत्त्वांची कॅप्सूल घेऊन तो ठणठणीत राहिला तर श्रेय कॅप्सूलचं आणि सर्दीने आडवा झाला तर ‘घेत नसतो तर न्यूमोनियावर गेलं असतं’. नवसाच्या देवालाही एवढी सवलत नाही. तिथे काम झाल्याशिवाय नारळ फुटत नाही. इथे नारळ दर महिन्याला आगाऊ. डब्याच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत पचन, प्रतिकारशक्ती, उत्साह. डबा फिरवला की कायद्याने छापावं लागणारं वाक्य: ‘औषधी वापरासाठी नाही’. सरकारदरबारी हा माल अन्नात मोडतो, म्हणजे पापड-लोणच्याच्या पंगतीतला. किंमत तेवढी त्या पंगतीतली नाही.

पोटातल्या जिवाणूंच्या या भक्तीचे आद्य पुरुष एली मेच्निकॉफ. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं ते प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. आंबट दुधाने आयुष्य वाढतं हा त्यांचा जोडधंदा. बल्गेरियातले शेतकरी असं दूध पितात आणि फार जगतात, एवढ्यावर त्यांनी भिस्त ठेवली, स्वतःही ते नेमाने प्यायले आणि १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी गेले. एका माणसाच्या वयावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य. पण मग बल्गेरियाच्या म्हाताऱ्यांवरून तरी काय सिद्ध होतं? पुढे २००१ मध्ये जागतिक तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली: जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि घेणाऱ्याला त्यांचा फायदा दिसायला हवा. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात टेम्पोतून आलेल्या खोक्यातले किती अब्ज हयात आहेत, याची खानेसुमारी ग्राहकाने कुठे करायची?

यावर कोणी म्हणेल, अँटिबायोटिकबरोबर डॉक्टरच देतात की. देतात, अँटिबायोटिकमुळे मुलांना लागणारे जुलाब काही ठरावीक जिवाणूंनी कमी होतात, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. तो ठरावीक जिवाणूचा, ठरावीक त्रासासाठीचा, ठरावीक दिवसांचा पुरावा आहे. ‘रोजच्या आरोग्यासाठी’ या शब्दांत यातलं काहीच ठरावीक नाही, आणि खप नेमका त्याच शब्दांवर. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सगळा पुरावा चाळला आणि बहुतेक पचनविकारांत प्रोबायोटिकची शिफारस करण्याइतका आधार नाही, असं सांगितलं. विकार असलेल्यांची ही गत, तर नसलेल्यांनी कशाच्या जोरावर घ्यायचं? घरचं दही मात्र आपलं, असा अभिमान सुटेल तर तोही आवरावा. विरजणात नेमके कोणते जिवाणू आहेत ते आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा व्याख्येत तेही बसत नाही. पण दही काही दावा करत नाही आणि उरलंच तर त्याची कढी होते.

‘फायदा नसेल, तोटा तर नाही?’ हा आपल्याकडचा शेवटचा बालेकिल्ला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व तपासलं गेलं. १९९४ मध्ये निकाल लागला, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजरातला गुणी पदार्थ, गोळीत शिरून असा वागला. आणि खरी उणीव असते तिथे? ती तर असतेच. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते, आणि ती रक्त तपासून, मोजून भरून काढावी. पण तपासणीत उणीव सापडते, ती भरते आणि विषय संपतो. धंद्याला नको असतो तो हाच शेवट, म्हणून रक्त न तपासता तेवीस घटकांची एकच गोळी. त्यातलं पाण्यात विरघळणारं जास्तीचं सामान मूत्रपिंड इमानाने बाहेर टाकतं. सकाळी दिसणारा तो झगझगीत पिवळा रंग बी-२ चा. तेवढाच पैसे वसूल झाल्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

केसांसाठी खाल्लं जाणारं बायोटिन याहून खोडकर. जास्त मात्रेत ते रक्ताच्या काही चाचण्यांत ढवळाढवळ करतं. हृदयविकाराचा झटका ओळखणारी ट्रोपोनिन चाचणी त्यामुळे खोटी कमी येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. आता छातीत कळ आलेला माणूस आणा, खाटेवर निजवा आणि कोणती औषधं चालू आहेत ते विचारा. तो म्हणणार, ‘औषध? छे, एकही नाही.’ डब्यामागचं वाक्य त्याने तेवढ्यापुरतं प्रमाण मानलेलं असतं.