अर्ध्या इंचाचा पाठलाग

अर्धा इंची पाइप आणायला जाताना खिशात मोजपट्टी नेऊ नये. आमच्या मजल्यावरचे गणिताचे निवृत्त सर तर व्हर्नियर कॅलिपर घेऊन निघाले. सोबत मी होतो, कारण त्यांच्या न्हाणीघराची आणि माझ्या दिवाणखान्याची भिंत एकच आहे आणि ओल काही दाराची घंटा वाजवून येत नाही.

दुकानात सरांनी पाइपाचा बाहेरचा व्यास मोजला. २१.३ मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे १२.७. सरांच्या भुवया वर गेल्या. मग आतलं भोक मोजलं : १६ च्या आसपास. अंगावर छापलेलं वाचलं तर १५. एकाच पाइपाचे चार आकडे, आणि एकाचं दुसऱ्याशी पटेना. "यात अर्धा इंच नेमका कुठे आहे?" सरांनी दहावीच्या तोंडी परीक्षेच्या आवाजात विचारलं. दुकानदार हिशोबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाला, "नावात आहे की."

उत्तर उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. बुधवार पेठेत गुरुवारीही जाता येतं, तसलाच हा प्रकार. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गॅसचे दिवे आले आणि लोखंडी नळ्यांची मागणी वाढली. १८२५ साली कॉर्नेलियस व्हाइटहाउस याने तापलेली लोखंडी पट्टी साच्यातून ओढून तिच्या कडा जुळवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पाइप भराभर तयार होऊ लागले. त्या काळी अर्धा इंची पाइपाचं भोक अर्ध्या इंचाच्या जवळपास असे, अंग मात्र जाडजूड. पुढे धातू सुधारला, पातळ अंगही दाब सोसू लागलं. आता पातळ करायचं ते कुठून? बाहेरून करावं, तर एल्बो, सॉकेट, डाय असा आट्यांचा सगळा संसार मोडीत निघतो. म्हणून बाहेरचं माप जिथल्या तिथे ठेवलं आणि आतलं भोक वाढू दिलं. नाव बदलायचं तेवढं राहून गेलं. आपण दशमान पद्धत आणली तेव्हा त्याला १५ मिलिमीटर म्हणायला लागलो. म्हणजे एक जुनं न जुळणारं नाव होतं, त्याच्या जोडीला एक नवं आलं.

सरांना इतिहास पटला, पण पुढचा प्रकार पचला नाही. आपल्याकडे हे पाइप तीन वर्गांत मिळतात : पिवळ्या पट्ट्याचा हलका ए, निळ्या पट्ट्याचा मध्यम बी आणि लाल पट्ट्याचा जड सी. बाहेरून तिघे सारखेच. जाडी वाढते ती आतल्या बाजूला. अर्धा इंचीत ए वर्गाचं अंग २ मिलिमीटर, बीचं २.६, सीचं ३.२. "म्हणजे जास्त पैसे दिले की भोक लहान मिळतं?" सरांनी विचारलं. होय, तसंच. कळस म्हणजे हल्लीचा अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप. त्याचा बाहेरचाच व्यास १५.९ मिलिमीटर. म्हणजे एक अर्धा इंची दुसऱ्या, ए वर्गाच्या अर्धा इंचीच्या पोटात खुशाल शिरतो. सरांनी कॅलिपर खिशात ठेवून दिला.

घरी मिस्त्री आले होते. दोन एल्बोंच्या मधला सडका तुकडा काढून नवा घालायचा, एवढंच काम. मिस्त्री माप घेणार, तोच सर म्हणाले, "थांबा, मोजायचं माझ्यावर सोडा." त्यांनी दोन्ही एल्बोंच्या तोंडांमधलं अंतर मिलिमीटरपर्यंत बिनचूक काढलं. मिस्त्री गप्प राहिले. गिऱ्हाईक मास्तर असलं की अनुभवी माणूस गप्पच राहतो. हॅक्सॉने तुकडा कापला, आत उरलेली धारदार कड गोल कानशीने घासली आणि पाइप बाकात आवळून आटे पाडायला घेतले. आटे पाडताना तेल लागतं, म्हणून मिस्त्रींनी काकूंकडे हक्काने गोडंतेल मागितलं. काकूंनी आधी शेंगदाणा तेलाचा भाव ऐकवला, मग परवाचं तळणीचं तेल दिलं. डाय जरा पुढे, किंचित मागे, पुन्हा पुढे. कीस तुटून पडत होता, भज्यांचा वास सुटला होता आणि इंचाला चौदा या हिशोबाने आटे उमटत होते. हे आटे सरळ नसतात. सोळाला एक असा उतार असतो त्यांना, त्यामुळे पाइप जसजसा आत जातो तसतसा आवळत जातो. आटे पाडताना वरचं जस्त मात्र निघून जातं, म्हणून गंजही पहिला तिथेच धरतो. सूत आणि सफेदा लावण्यात जो माणूस कंजुषी करतो, त्याला दुसऱ्यांदा बोलावू नये.

तुकडा दोन एल्बोंच्या मधे धरला. बरोब्बर बसला, आणि हात काढताच खाली पडला.

मिस्त्री म्हणाले, "सर, पाइप एल्बोला भेटून परत येत नसतो. आत जाऊन बसतो." प्रत्येक टोकाचे साधारण १३ मिलिमीटर आटे एल्बोच्या पोटात जायला हवेत, आणि सरांच्या हिशोबात तेच नव्हते. मी मनातल्या मनात १३ ला २५.४ ने भागलं. साऱ्या पाइपात कुठेच न सापडलेला अर्धा इंच हा इथे होता, एल्बोच्या आत दडलेला. सरांना मी ते लगेच सांगितलं नाही. काकू समोर होत्या.

नव्या मापाचा तुकडा तयार झाला तरी एक पेच उरलाच. पक्क्या बसलेल्या दोन एल्बोंच्या मधे अखंड तुकडा बसवताच येत नाही, कारण एका टोकाला आवळायला फिरवला की तो दुसऱ्या टोकाला सुटतो. मिस्त्रींनी तो मधे कापला, नवे आटे पाडले आणि युनियन, म्हणजे पाइप न फिरवता आवळता-सोडवता येणारा सांधा, घातलं. जिना उतरताना ते मला म्हणाले, "हे आधीच असतं तर पाना लावून काम झालं असतं, भिंत फोडायला लागली नसती."

तेव्हा नवी लाइन टाकत असाल, तर पाइपाचा व्यास मोजण्यात वेळ घालवू नका. निळा पट्टा बघून घ्या, आणि प्रत्येक न्हाणीघरात हाताला येईल अशा जागी एक युनियन घालायला लावा. प्लंबर म्हणेल, "काय गरज आहे?" तरीही लावा. त्याची किंमत फरशीच्या एका तुकड्याहून जास्त नसते, आणि गवंड्याची एक दिवसाची मजुरी तुम्हाला ठाऊक आहेच.