दाबलं का येते

लेख टाइप करून देणाऱ्या माणसाइतकं लेखकाला कुणी ओळखत नाही. समीक्षक वाचला तर एकदा वाचतो. हा बिचारा अक्षर न् अक्षर बोटांतून काढतो. माझं हस्ताक्षर सोसणारा असा एक मुलगा अमरावतीत आहे. इतकं भरभर कसं उरकतं रे, असं त्याला एकदा विचारलं. म्हणाला, "काका, तुमचं 'खरं तर' म्या एका बटनावर ठेवलं हाये. दाबलं का येते. 'एकूणच काय तर' दुसऱ्या बटनावर." मग जरा विचार करून, "'कुठंतरी खोल आत' बी ठेवाव म्हन्तो. लय लागते."

त्या दिवसापासून 'खरं तर' बंद. पुढच्या लेखात त्याच्या जागी 'वास्तविक' येऊन बसलं. त्याला उठवलं तर 'तसं पाहिलं तर' आलं, तेही सहकुटुंब. खोड काढली की तिची जागा रिकामी राहत नाही, हे मला तेव्हा कळलं.

विशेषणांचंही तसंच. माझ्या लेखात ती तिघं मिळून हिंडतात: शांत, निवांत, प्रसन्न. अंबादेवीच्या देवळाबाहेरचा रस्तासुद्धा मी असा रंगवला होता, नवरात्रातला! आणि कुठलाही लेख संपवायला मला संध्याकाळ लागते. मे महिन्यातल्या अकोल्यावर लिहिलं, जिथं दिवस मावळल्यावरही भिंतीला हात लावायची सोय नसते, तिथंही मी शेवटच्या ओळीत मंद झुळूक सोडली. एका अकोलेकर वाचकाने फोन करून अगदी साळसूदपणे विचारलं, "साहेब, हे नगर जिल्ह्यातलं अकोले का?"

आम्हा वऱ्हाडातल्या लिहिणाऱ्यांना एक खोड जास्तीची असते. घरात 'जाऊन रायलो' म्हणणारा माणूस कागदावर 'निघण्याच्या बेतात होतो' असा इस्त्रीत येतो. खरं म्हणजे (पाहा, आलंच!) ही भीड आता उरायला नको होती. उद्धव शेळक्यांची 'धग' कादंबरी 1960 साली आली आणि तिच्यातली कौतिक वऱ्हाडीतच बोलली. तिचं दुःख कुणाला कमी प्रतीचं वाटलं नाही. पण माझ्यासारख्याने त्यातून घेतलं काय? तर 'बाप्पा'. माझ्या लेखातला शेतकरी दर वाक्याला 'बाप्पा' म्हणतो. प्रत्यक्षात माझ्या ओळखीचे शेतकरी कापसाच्या भावाबद्दल बोलतात, आणि तेव्हा जे म्हणतात ते छापता येत नाही.

मनाची समजूत घालायला मला श्रीपाद कृष्ण कोल्हटकर बरे पडतात. अकोला, खामगाव, जळगाव जामोद, म्हणजे आमच्याच मुलखात वकिली करून त्यांनी मराठी विनोदाला घर बांधून दिलं. 1910चं 'सुदाम्याचे पोहे' वाचताना आजही जागोजागी हसू येतं. त्यांची खोड म्हणजे कोटी. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या या त्रिकुटाच्या तोंडी ती शोभते, कारण ती माणसं रिकामटेकडीच आहेत. नाटकांत मात्र राजा बोलो की सेवक, प्रत्येकाच्या तोंडून वकीलसाहेबच कोटी करतात. गडकरी आणि खांडेकर दोघेही त्यांना गुरू मानत, आणि गुरूकडून गुणांबरोबर हेही दोघांनी उचललं. तरी मोठ्यांच्या खोडीला निदान पुढं शिष्य मिळतात. माझ्या खोडीला फक्त बटन मिळालं.

या कोट्यांच्या दुसऱ्या टोकाला महानुभाव पंथाचं रिद्धपूर. अमरावतीहून तासाभराची वाट. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालं आहे. या पंथातले केशिराजबास म्हणजे संस्कृतात मुरलेले पंडित. त्यांना संस्कृताची सवय, ती सुटायची कशी? पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांनी त्यांना बजावलं की आपल्या माणसांसाठी मराठीत लिहा, नाही तर साध्याभोळ्या म्हाताऱ्यांच्या हाती काय लागणार? शैलीचा सल्ला म्हणून मला यापेक्षा चांगला माहीत नाही. कारण तो शैलीबद्दल बोलतच नाही, म्हाताऱ्यांबद्दल बोलतो.

म्हाइंभटही पंडितच. पण तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' जमवताना ते गावोगाव फिरले, ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं होतं त्यांना विचारत राहिले. वाक्यं एवढीएवढीशी. कोण आलं, काय म्हणालं, काय खाल्लं. वाचताना मला वाटतं, यांना सजवायला वेळ नव्हता, कारण सांगायलाच इतकं होतं. माझं विशेषणांचं त्रिकूट येतं ते नेमकं जिथं मी कुणाला विचारलेलं नसतं तिथं. रस्त्याचं नाव माहीत नसलं की तो 'निवांत' होतो.

याचा पुरावा माझ्याच हातचा आहे. मध्यंतरी सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला मी एक अर्ज लिहिला. गट नंबर, वडिलांचं नाव, काय चुकलंय, काय हवंय. कुठं झुळूक नाही, कुठं काही आत खोल नाही. आयुष्यातलं माझं सर्वांत स्वच्छ गद्य. कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या अर्जनविसाला तो दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "मास्तर, बाकी ठीक हाये. पन हा अर्ज वाटून नाही रायला. 'विनम्र' टाका कुठं तरी."

मी 'विनम्र' टाकलं. मग ते एकटं बरं दिसेना, म्हणून 'आदरपूर्वक' आणि 'कळकळीची' हेही टाकले.