रेडिओनाना

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात खानदेशी माणसं इतकी, की रिक्षावाल्याशी अहिराणीत भांडता येतं. इथल्या सोसायट्यांतून एक प्राणी हमखास आढळतो: रेडिओनाना. वय साठीच्या पुढे, उभी नोकरी लूमच्या कारखान्यात, शर्टाच्या खिशात टेस्टर, तर्जनीवर सोल्डरिंगचा डाग. आमचे नाना या जातीचा अस्सल नमुना, म्हणून वर्णन त्यांचंच करतो.

एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. रेडिओनानांना रेडिओ ऐकायचा नसतो. सेट लागला की त्यांचा रस संपतो. गाण्याचा मुखडा पुरा व्हायच्या आत ते बटण बंद करून सेट उलटा करतात, कारण 'एक कॅपॅसिटर बदलला की आवाज अजून सुधारेल.' त्यांच्या घरात संपूर्ण गाणं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

नानांची मूळ श्रद्धा बिनबॅटरीच्या सेटवर. लूमच्या कांडीवर इनॅमल तारेचे शंभरेक वेढे, जुन्या रेडिओतला गँग, एक जर्मेनियम डायोड, इअरफोन, गच्चीवर लांब एरियल आणि अर्थिंगला पाण्याचा नळ. झाला रेडिओ! वीज लागत नाही. हवेतून आलेल्या लहरींचीच शक्ती इअरफोनचा पडदा हलवते. यात कुणी शंका काढली, की नाना जगदीशचंद्र बोसांना मध्ये आणतात. बोसांनी गॅलिनाच्या खड्यावर लहरी पकडल्या आणि 1904 साली त्याचं अमेरिकन पेटंट मिळवलं. हे नाना अशा थाटात सांगतात, की खडा यांनीच पुरवला असावा. सोसायटीने लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे घातले तेव्हा सगळे खूश होते. नाना एकटेच म्हणाले, "अर्थिंग गेलं." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

खरी अडचण डायोडची. दुकानदाराकडे जर्मेनियम डायोड मागा, तो 1एन4007 पुढे करतो. "काका, ये सबमें चलता है." सबमें चालतो, इथे चालत नाही. तो सिलिकॉनचा, त्याला उघडायलाच अर्ध्या व्होल्टच्या वर लागतं, आणि एरियलवरून येणारा बिचारा सिग्नल तेवढा नसतो. हे नाना दुकानदाराला समजावतात. मागे रांग वाढते. शेवटी नाना पहाटेची फ्लाइंग रानी पकडून थेट मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जातात, चार-दोन रुपयांचे डायोड घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. नानी तिकिटाचा हिशेब विचारतात. नाना म्हणतात, "एकदम दहा आणले, स्वस्त पडले."

नानींचा छळ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मिसळणाच्या डब्यात रेझिस्टर राहतात, मोहरीच्या वाटीत ट्रिमर. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बीआयटीएक्स नावाचा घरगुती ट्रान्सीव्हर आखला. महागड्या फेराइट रिंगऐवजी नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळायची त्यांची युक्ती जगभरच्या हौशी मंडळींनी डोक्यावर घेतली. नानांनीही घेतली. मोरीतला नळ तेव्हापासून गळतो आहे.

भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला नानांना रिंग रोडच्या मार्केटात नेलं, ही सगळ्यांची चूक. शेठने एक साडी उलगडली: पिवळा काठ, जांभळं अंग, लाल पदर. रेझिस्टरवरचे पट्टे वाचण्यात जन्म गेलेला माणूस, नाना सहज पुटपुटले, "चार हजार सातशे." शेठच्या मनातला भाव याच्या पुष्कळ खाली असावा, कारण त्याने तत्काळ साडीची घडी घातली. तेवढ्यात नानांना जरीचा सोनेरी पट्टा दिसला. "पाच टक्के इकडेतिकडे," ते म्हणाले. शेठ म्हणाला, "काका, पाच टका ओछा, बस!" आणि खोकं बांधून मोकळा झाला. परतीच्या रिक्षात नानी एक शब्द बोलल्या नाहीत.

मग एफएमचं वेड आलं. एक ट्रान्झिस्टर, चार-पाच वेढ्यांची कॉइल, माइक, 9 व्होल्टची बॅटरी. सर्किट एवढंसं, पण त्याला माणसाची सवय होते: हात जवळ नेला की फ्रिक्वेन्सी सरकते, कारण शरीरही कॅपॅसिटरसारखं वागतं. त्यामुळे नाना डावा हात वर करून कपाटाला टेकून उभे राहिले तरच केंद्र लागायचं. पाहुणे आले तरी नाना तसेच उभे. चाचणीला माइक ओट्याशी ठेवला होता, आणि सेक्रेटरीच्या सुनेबद्दल नानींचं परखड मत खालच्या चहाच्या टपरीवरच्या रेडिओने गिऱ्हाइकांना ऐकवलं. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात राघव महातो नावाच्या तरुणाने असंच घरगुती केंद्र चालवलं होतं. लोकांना आवडलं, पण परवाना नव्हता म्हणून 2006 साली सरकारने ते बंद पाडलं. नानांचं केंद्र नानींनी बंद पाडलं. सरकारला तसदी पडली नाही.

नानांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे मागची उत्तरायण. सुरतेत त्या दिवशी आकाश दिसत नाही, पतंगच दिसतात. नानांना आठवण झाली मार्कोनीची. 12 डिसेंबर 1901 रोजी न्यूफाउंडलंडला त्याने पतंगाने एरियल वर चढवली आणि अटलांटिकपलीकडून आलेलं मोर्समधलं 'एस' अक्षर ऐकलं. नानांनी मोठा ढढ्ढा आणला, मांज्याबरोबर बारीक तांब्याची तार सोडली आणि कानाला इअरफोन लावला. (विजेच्या तारा आसपास असताना हा उद्योग कुणीही करू नये. नानांनीही करायला नको होता.) "आली, आली," नाना कुजबुजले. पोरं गोळा झाली. कुठलंसं भजन होतं म्हणतात. पुढची ओळ यायच्या आत समोरच्या गच्चीवरून सुरती मांज्याने घाव घातला आणि आरोळी उठली, "काय पो छे!" तार तीन गच्च्यांवर पसरली, दोन डिश अँटेना आडव्या झाल्या, आणि क्रिकेटची मॅच बघत बसलेली अर्धी सोसायटी नानांच्या दारात आली. नाना शांतपणे म्हणाले, "मार्कोनीच्या समोर गच्ची नव्हती."

हल्ली ते वरचेवर हॅम परवान्याच्या परीक्षेचं बोलतात. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सही लागत नाही. स्वतः फॉर्म भरायचा धीर होत नाही, म्हणून नातवाला तयार करताहेत. परीक्षेला किमान वय 12 लागतं. नातवाला येत्या मार्चमध्ये बारावं पुरं होतंय. सोसायटीच्या सभासदांनी डिश अँटेना त्याआधी घट्ट बसवून घ्याव्यात.