भाऊसाहेबांचा मदरबोर्ड

कोषागारातून निवृत्त झालेल्या माणसाला वस्तू बिघडल्याचं दुःख फारसं होत नाही. तिची फाइल उघडता येणार याचा आनंदच मोठा असतो. आमच्या साताऱ्यातले भाऊसाहेब या जातीचे. उभ्या नोकरीत त्यांनी लोकांची बिलं त्रुटी काढून परत पाठवली. पेन्शनर नोव्हेंबरात काठी टेकत समोर येऊन उभा राहिला, तरी चष्म्यावरून बघत विचारायचे, "हयातीचा दाखला आणलाय का?"

तर त्यांच्या नातवाच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतलेला, वॉरंटी तीन वर्षांची, निम्मी अजून शिल्लक. दुकानदार म्हणाला, "आता कंपनी बघेल." कंपनी म्हणाली, "आधी तक्रार क्रमांक घ्या." दुसऱ्या कोणी कपाळावर हात मारला असता. भाऊसाहेबांनी दोरा-दाभण घेऊन नवी नस्ती शिवली.

बिल तयारच होतं. दुकानातल्या त्या गुळगुळीत कागदावर शाई नसतेच, उष्णतेने अक्षरं उमटवलेली असतात, आणि वॉरंटी संपायच्या आत कागद कोरा होतो. भाऊसाहेबांनी खरेदीच्या दिवशीच झेरॉक्स काढून तिच्यावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला होता. तो शिक्का निवृत्तीनंतर घरी कसा आला, हे आळीत कोणी विचारत नाही.

कंपनीने मागितलं, बोर्ड चालू होत नाही याचा व्हिडिओ पाठवा.

"आजोबा, काहीच होत नाही, त्याचा व्हिडिओ काय काढू?" नातू वैतागला.

"बरोबर मागतायत. मेलेल्याचासुद्धा दाखला लागतो." न फिरणाऱ्या पंख्याचं चित्रीकरण झालं. तारीख दिसावी म्हणून भाऊसाहेब शेजारी त्या दिवशीचा पेपर धरून उभे राहिले.

मग कंपनीने सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण मागितलं. प्रोसेसर बसवताना ते निघतं आणि शहाणी माणसं ते फेकून देतात. झाकण नसेल तर वॉरंटीत बोर्ड घेणार नाही, असं कित्येक कंपन्या माहितीपुस्तिकेतच छापतात. ती पुस्तिका शेवटपर्यंत वाचलेला माणूस मी एकच पाहिला आहे. भाऊसाहेबांनी माळ्यावरून खोकं काढलं, खोक्यातून पाकीट काढलं, पाकिटावर लिहिलं होतं: 'झाकण, नग एक.'

एवढं होऊन बोर्ड पुण्याहून परत आला. सोबत शेरा: 'फिजिकल डॅमेज. सॉकेटची पिन वाकलेली आढळली. वॉरंटी लागू नाही.'

या पिनांची गंमत अशी, की पूर्वी त्या प्रोसेसरच्या पोटाला असायच्या. 2004 साली इंटेलने डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरून त्या काढून मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये नेल्या. तेव्हापासून वाकलेल्या पिनेचं लचांड मदरबोर्डवाल्यांच्या गळ्यात आलं. एलजीए 1700 या सॉकेटात तर नावाप्रमाणे सतराशे पिना, केसासारख्या. त्यातली एक कुठे, कुणाच्या हातून वाकली, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणूनच कंपन्यांना हा शेरा फार सोयीचा पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

नातू रडकुंडीला आला. भाऊसाहेब मात्र भिंगातून तो शेरा पुन्हापुन्हा वाचत होते. चेहऱ्यावर चक्क कौतुक.

"'आढळली' म्हणतो. कोणाला आढळली? केव्हा? कितवी पिन? काही नाही! खाली सहीसुद्धा वाचता येत नाही. हा माणूस आमच्याकडे असता तर कुठच्या कुठे गेला असता हो."

आळीतल्या वकिलांनी सल्ला दिला, "सरळ ग्राहक आयोगात जा. 2019 च्या कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फीसुद्धा नाही. निदान 1915 वर फोन तरी करा." भाऊसाहेबांना तो आततायीपणा वाटला. समोरच्याने त्रुटी काढली, तर रीतीप्रमाणे आधी त्रुटीची पूर्तता करायची!

आणि पूर्तता होती. बोर्ड पाठवण्याआधी त्यांनी सॉकेटचे जवळून फोटो काढून रीतसर पंचनामा केला होता. पंच म्हणून मी आणि गिरणीवाला. आपण कशावर सही करतोय हे दोघांनाही कळलं नव्हतं. गिरणीवाल्याला तर घराच्या वाटणीचा कागद वाटला होता. तो पंचनामा, फोटो आणि झाकणाची पोच घेऊन भाऊसाहेब स्वारगेटची एसटी धरून सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या पोराने पंचनामा वाचला, आत नेला, आतून साहेब बाहेर आले. कागदावर कागदाने मात करणारा माणूस त्यांनीही बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. बदली बोर्ड मंजूर झाला.

परवा तो कुरियरने आला. नातू दारातच खोक्यावर झेपावला.

"हात लावू नकोस!" भाऊसाहेबांनी भिंग काढलं. एका हातात चलन, दुसऱ्या हातात खोकं. "सीरियल नंबर जुळत नाही. चलनावर शून्य आहे, खोक्यावर इंग्रजी ओ."

"आजोबा, ते एकच आहे हो!"

"तुला एकच. ऑडिटला नाही." आणि कुरियरवाल्याकडे वळून म्हणाले, "थांबा जरा. शेरा लिहून देतो, परत घेऊन जा."

आतून काकूंनी कुरियरवाल्याला विचारलं, चहात साखर किती घालू.