गिअरवाले अण्णा

मालवण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत नव्या गाडीचा विचार बँकेच्या आधी एका माणसाच्या कानावर घालावा लागतो. कुठे त्याला आबा म्हणतात, कुठे बापू, कुठे नुसतंच भाऊ. आपण अण्णा म्हणू. अण्णा मेकॅनिक नसतात आणि ड्रायव्हरकी हा त्यांचा धंदाही नसतो. त्यांचा अधिकार एकाच पराक्रमावर उभा असतो. कधीकाळी आषाढातल्या रात्री, एकच हेडलाइट चालू असलेली जीप त्यांनी फोंडा घाटातून खाली आणली होती. दर पावसाळ्यात या कथेतली घाटाची वळणं वाढतात आणि अलीकडे तो उरलेला हेडलाइटही विझलेला असतो. एवढ्या भांडवलावर अण्णा मालवण शहरातल्या भरडावर चहा पीत पंचक्रोशीच्या गाड्या ठरवतात. पेट्रोल की डिझेल, एअरबॅगा किती, हे प्रश्न त्यांना किरकोळ वाटतात. त्यांचा सवाल एकच : गिअरची की बिनगिअरची? समोरचा ‘ऑटोमॅटिक’ म्हणाला, त्यातही ‘ड्युअल क्लच’ म्हणाला, की अण्णा बशी खाली ठेवतात. “गाडयेक अक्कल कित्याक व्हयी? चालवणाऱ्याक आसा मां!” यावर अपील नसतं. गंमत अशी की आपल्या भागापुरता अण्णांचा निकाल बऱ्याचदा बरोबर असतो; कारणं मात्र जवळजवळ सगळी चुकलेली असतात. आणि निकाल बरोबर निघत गेल्यामुळे ती कारणं तपासायची कुणाला गरजच वाटत नाही.

पहिली चूक वर्गवारीची. अण्णांच्या लेखी ऑटोमॅटिक म्हणजे एकच जात. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्तातला स्वयंचलित गिअर मध्यमवर्गाच्या दारात पोचला. त्यात क्लच एकच. तो दाबणं आणि गिअर बदलणं ही कामं माणसाऐवजी यंत्र करतं आणि दोन गिअरांच्या मध्ये गाडी क्षणभर श्वास घेते. मुंबईहून आलेल्या कुणा भाच्याच्या असल्या गाडीत अण्णा कसालपर्यंत बसून आलेले असतात. तिथे मानेला बसलेले हिसके त्यांनी तमाम ऑटोमॅटिक गाड्यांच्या खात्यावर मांडले आहेत. ड्युअल क्लचची तऱ्हा निराळी. त्यात पहिला, तिसरा, पाचवा हे विषम गिअर एका क्लचवर आणि दुसरा, चौथा, सहावा हे सम गिअर दुसऱ्या क्लचवर असतात. दशावतारात एक पात्र रंगमंचावर बोलत असताना दुसरं रंगपटात तोंडाला रंग लावून तयार असतं, तसा एक गिअर गाडी ओढत असताना पुढचा आधीच लावून ठेवलेला असतो. पहिला क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो आणि ओढ तुटत नाही. आत दातेरी चाकांच्या जोड्या असतात त्या आपल्या नेहमीच्या गिअरबॉक्ससारख्याच. म्हणजे अण्णा ज्याला बिनगिअरची गाडी म्हणतात तिच्या पोटात खरं तर दोन गिअरबॉक्स असतात.

“रेसवाले काय वेडे म्हणून हातानं गिअर टाकतात?” हा अण्णांचा पुढचा मुद्दा. ड्युअल क्लचची यंत्रणा वाढली मात्र शर्यतींतच. तिची कल्पना १९३९च्या सुमारास अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्यानं मांडली. हा गृहस्थ एके काळी रशियाच्या झारच्या मोटारखान्यात नोकरीला होता. महायुद्धात ती कल्पना बाजूला पडली आणि १९८०च्या दशकात पोर्शे आणि ऑडी यांनी ती शर्यतीच्या गाड्यांत वापरली. सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत ती फोक्सवॅगननं २००३ साली गोल्फमधून आणली. आपल्याकडे २०१३ साली पोलो जीटी, २०१९ साली ह्युंदाई वेन्यू आणि २०२२ साली टाटा अल्ट्रोझ या गाड्यांतून ती हळूहळू खाली उतरत आली. तेव्हा ‘हे पांढरपेशांचं खेळणं’ असं म्हणायचं तर शर्यतवाल्यांनाही त्या यादीत घालावं लागेल.

मग येतो घाट. अण्णांच्या मते आंबोली काय, फोंडा काय, उतारावर गाडी हातात हवी. तत्त्व शंभर टक्के मान्य. पण हेच अण्णा उतार लागला की डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. आता गाडी ना त्यांच्या हातात असते ना इंजिनाच्या. ती सह्याद्रीच्या हातात असते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डिझेलही वाचत नाही. आजच्या इंजिनात गिअर लागलेला असून अॅक्सिलरेटरवर पाय नसेल तर इंधनाचा पुरवठाच बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. ड्युअल क्लचमध्ये गिअर सतत लागलेला असतो, हवा तर हातानं खालचा ठेवता येतो आणि इंजिनाचा ब्रेक व्यवस्थित मिळतो. उतारावर शिस्त कोण पाळतं एवढंच विचारायचं असेल, तर अण्णांपेक्षा यंत्र बरं.

इथवर अण्णा हरत आले. पण त्यांच्या मनात एक संशय असतो, तो त्यांना नीट मांडता येत नाही आणि तो खरा असतो. लहान गाड्यांत बहुतेक वेळा कोरडा ड्युअल क्लच असतो, म्हणजे त्याला थंड करायला तेल नसतं, फक्त हवा असते. गाडी रांगत चालली की तो घसटत राहतो आणि तापतो. अण्णा ज्याला हाफ क्लच म्हणतात तेच हे, फक्त पाय यंत्राचा. ड्युअल क्लचबद्दलच्या एकूण तक्रारीही कल्पनेतल्या नव्हेत. फोक्सवॅगनला २०१३ साली चीनमध्ये ड्युअल क्लच गिअरबॉक्समुळे पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फोर्डच्या ड्युअल क्लच गाड्यांबद्दलच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयानं २०१८ साली त्या कंपनीला एक कोटी डॉलरचा दंड केला. आता मालवणचा नकाशा समोर धरा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका बाजूला कर्ली नदी आणि एका बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवरून देवबागला जाणारी गाड्यांची रांग, आंगणेवाडीच्या जत्रेची रांग, आणि रोजची म्हणजे दोन गडग्यांमधून घराकडे जाणारी उभी चढण, तीही रिव्हर्समध्ये. कोरड्या क्लचला यातलं काहीही मानवत नाही. त्यात भर म्हणजे बॅटरी उतरली तर गिअरच्या गाडीला चार माणसं ढकलून चालू करतात. ड्युअल क्लचला धक्का स्टार्ट ठाऊक नाही. पावसात महिनाभर पडवीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा मुद्दा लहान नाही.

यावर ऑटोमॅटिकवाले म्हणतील की आता तेलात बुडालेले क्लच आले आहेत, अल्ट्रोझमध्ये तोच आहे, आणि रांगेत ब्रेक दाबून थांबायची व पुढे मोकळी जागा झाली की मगच सरकायची सवय लावली तर कोरडाही टिकतो. दोन्ही खरं आहे. चढावर अॅक्सिलरेटरनं गाडी तोलून धरणाऱ्याचा क्लच कुठल्याही गाडीत जळणारच; अण्णांनी तसे दोन-तीन जाळलेलेही असतात, बिल आलं की ‘प्लेट डुप्लिकेट टाकली’ म्हणून खापर मेस्त्रीवर फुटतं. पण फरक असा की अण्णांची जळलेली प्लेट गावच्या गॅरेजात बदलून मिळते. ड्युअल क्लच बिघडला तर सोबत त्याचा संगणक आणि क्लच हलवणारी यंत्रणाही तपासावी लागते, त्याला कंपनीचं वर्कशॉप आणि तिथलं उपकरण लागतं, आणि गाडी कोल्हापूर किंवा गोव्याच्या दिशेनं उचलून न्यावी लागण्याची शक्यता धरावी लागते. खरेदीलाही लाखभर रुपये जास्त मोजलेले असतात. घाट आणि मर्दुमकी बाजूला ठेवून अण्णांनी एवढंच सांगितलं असतं तर त्यांच्याशी वाद घालायला कुणी उरलं नसतं.

ते तसं सांगत नाहीत, कारण त्यांची खरी काळजी गिअरची नसून किल्लीची आहे. गिअरची गाडी घरात एकट्या अण्णांना येते. सूनबाई लायसन्सपुरती शिकली, चढणीवर दोनदा गाडी बंद पडली, अण्णांनी शेजारी बसून ‘क्लच! क्लच!’ असा गजर केला आणि तेव्हापासून ती मागच्या सीटवर गेली ती गेलीच. गिअर काढून टाकला की काय होतं, हा प्रयोग दुचाकीवर आधीच होऊन गेला आहे. १९८४ साली कायनेटिक होंडा आली तेव्हा बिनगिअरची स्कूटर म्हणजे बायकांची गाडी असं हिणवणारे अण्णाच होते. पुढे अशा स्कूटरवरून शिक्षिका शाळेत, नर्स आरोग्य केंद्रात आणि मुली कॉलेजात आपापल्या जाऊ लागल्या, कुणी पोचवायची वाट न बघता. खुद्द अण्णा आज मासळीच्या लिलावाला बंदरावर जातात ते सुनेच्या बिनगिअरच्या स्कूटरवरून, पुढ्यात पिशवी ठेवायला जागा असते म्हणून. तिथे त्यांना गाडी हातात नसल्याची खंत वाटत नाही. हात गिअरवर असण्याचा आनंद खोटा आहे असं नाही. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्यातून तिसरा नेमका पडला की मिळणारं समाधान कुठलंही यंत्र देत नाही, आणि ज्याला ते हवं त्यानं खुशाल त्याचे पैसे मोजावेत. पण एका माणसाच्या आनंदासाठी घरातल्या तिघांनी रिक्षा शोधायची, याला चालकाचं कौशल्य म्हणता येत नाही. शिवाय साठीनंतर डावा गुडघाही मत बदलू लागतो.

तेव्हा निवाडा असा. गाडी मालवणातच राहणार असेल, दहा वर्षं ठेवायची असेल, चालवणारा एकच असेल आणि कंपनीचं वर्कशॉप लांब असेल, तर अण्णांचं ऐका आणि गिअरची घ्या. गाडी बराच काळ मुंबई-पुण्यात चालणार असेल, किंवा घरातलं आणखी कुणी केवळ क्लचमुळे चालवायचं थांबलं असेल, तर ऑटोमॅटिक घ्या. ती ड्युअल क्लचच हवी असेल तर क्लच कोरडा की तेलातला, गिअरबॉक्सची वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्ती नेमकी कुठे होते, या तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर चाचणी घेऊन सही करू नका. गाडी घरी मागवा, सगळं कुटुंब आत बसवा आणि आपल्या चढणीवर ती रिव्हर्समध्ये चढवून बघा. त्या वेळी स्टिअरिंगवर सूनबाईला बसवा आणि अण्णांना गेटपाशी उभं करा.